डावं मागचं चाक

सराव सुरू होऊन सात मिनिटं झाली नाहीत तोवर ट्रॅकवर म्हैस आली.

खोटं नाही सांगत. शनिवारची सकाळ, रंकाळ्याच्या काठचा रस्ता आणि वीस रेसच्या गाड्या बोंबलत पळतायत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे ठोकळे, त्यांवर पुरुषभर उंच जाळी. एवढा बंदोबस्त असूनही ही बया कुठल्या तरी बोळातून आत शिरली आणि रोजच्यासारखी डुलत तळ्याकडं निघाली. लाल झेंडे फडकले, सराव थांबला, सगळ्या गाड्या परत पिटमध्ये आल्या. पिट म्हणजे तळ्याशेजारच्या मैदानात ओळीनं ठोकलेले तंबू. मागून म्हशीचा मालक आला, अजिबात घाई न करता. परगावच्या एका पंचानं त्याला झापायला सुरुवात केली, तर गडी म्हणतो, "सायब, आठ वर्सं ती ह्याच वाटनं पाण्यावर जातीया. आज शर्यत हाय हे तिला कुणी सांगायचं? तुम्ही सांगा की."

आण्णा हुपरीकर पोट धरून हसले. आण्णा आमच्या टीमचे मालक. शिरोलीला त्यांची फौंड्री, वय पासष्टीच्या घरात, तरुणपणी स्वतः गाड्या पळवलेले. मला म्हणाले, "महिपती, उद्या ही म्हस जिंकली तर सहा शर्यतींत सहा जिंकणारे हुतील बघ."

सीझनच तसला होता तो. सहा शर्यतींची मालिका, पाच झालेल्या, आणि पाचांत पाच वेगळे विजेते. पहिलीत पाऊस पडला, पुढचे चौघे एकमेकांत घुसले आणि पाचवा जिंकला. दुसरीत जिंकलेल्याची गाडी दीड किलोनं हलकी भरली, म्हणून दुसरा पहिला झाला. तिसरी आमच्या मृण्मयीनं जिंकली, अकराव्या नंबरावरून सुरुवात करून. चौथीत पुढच्याचं पेट्रोल शेवटच्या वळणावर संपलं. पाचवी चेन्नईच्या विग्नेशनं मारली. आणि आता शेवटची शर्यत आमच्या गावात, आमच्या रस्त्यावर, आणि मृण्मयी विग्नेशपेक्षा एका गुणानं पुढं. दोघांत जो आधी रेघ ओलांडेल तो चॅम्पियन. चॅम्पियनला पुढच्या वर्षी इटलीत गाडी, पूर्ण सीझन, सगळा खर्च त्यांचा.

मृण्मयी शिंत्रे तेव्हा तेवीस वर्षांची होती. नवव्या वर्षापासून तिला तिचे वडील कार्टिंगला, म्हणजे पोरांच्या बुटक्या गाड्यांच्या शर्यतींना, सोडायला यायचे. ते गेले, मग आई यायला लागली. शिंत्रेकाकू शाळेत गणित शिकवायच्या, गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण एक शर्यत चुकवली नाही बाईनं. तंबूच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून डोळे मिटून बसायच्या आणि शर्यत संपली की विचारायच्या, "आली का सगळी?" आपली पोरगी कितवी आली हे नंतर.

आणि मी, महिपती चौगुले, गाडीचा मेस्त्री. माझ्या हाताखाली दोन माणसं होती, पण चाकं मी कुणाला देत नसे. ह्या गाड्यांना प्रत्येक चाकाला मध्ये एकच नट असतो. तो टॉर्क पान्यानं आवळायचा. पुरेसा आवळला की पाना 'टक' असा वाजतो. तो टक ऐकला की खिशातलं पिवळ्या रंगाचं पेन काढायचं आणि नटावरून चाकावर एक रेघ मारायची. टक आणि रेघ. रेघ असली की चाक झालं, पुन्हा बघायचं नाही. एकोणीस वर्षं मी हेच करत होतो आणि एकोणीस वर्षांत एक चाक राहिलं नव्हतं. त्याचा मला माजही होता, का खोटं बोलू?

रविवारी दुपारी दोनची शर्यत. गावानं सुट्टीच घेतली होती. घरांच्या गच्च्या, झाडं, पाण्याच्या टाक्या, जिथं पाय ठरेल तिथं माणूस. सुरुवातीच्या रांगेसाठी मृण्मयीनं शनिवारी दुसरा नंबर काढला होता आणि विग्नेश तिसरा होता, म्हणजे अगदी तिच्या मानेवर.

दीड वाजता आम्ही नवे टायर चढवले. उजवं पुढचं, टक, रेघ. उजवं मागचं, टक, रेघ. डावं पुढचं, टक, रेघ. मग मी डाव्या मागच्या चाकाशी बसलो, आणि तेवढ्यात एक पंच कागद घेऊन आला. "चौगुले, टायरचे नंबर लिहून सही द्या, आत्ताच्या आत्ता." मी उठलो, तंबूच्या तोंडाशी जाऊन बारा आकडी नंबर चार वेळा लिहिले, सही केली. मागं काहीतरी गडबड झाली, शिट्टी वाजली, पंच कुणावर तरी ओरडला. मी परत आलो, चाकाकडं नजर टाकली. नटावर पिवळं होतं. पाना पेटीत टाकला आणि गाडी ढकलायला लागलो.

मृण्मयी आत बसली होती. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "मामा, आज जरा हसा तरी. सुतकी चेहरा बघून मी निघू का?"

"तू ये जिंकून, मग दात मोजून घे माझे," मी म्हणालो.

सुरुवातीलाच तिनं पुढच्याला गाठलं. वीस फेऱ्यांची शर्यत, दुसऱ्या फेरीत ती पहिली. तळ्याकडेच्या लांब वळणावर जाळीला चिकटून अर्धं कोल्हापूर उभं होतं, ती तिथून गेली की असा काही गलका उठायचा की इंजिनांचा आवाज बुडून जायचा. पाचव्या फेरीत विग्नेश दुसरा आला, पण चार सेकंद मागं. आण्णा कानाला रेडिओ लावून उभे. आमच्या टीमचा नियम होता, गाडीशी बोलणार ते एकटे आण्णा.

माझी बाही कुणीतरी ओढली. बघतो तर शिंत्रेकाकू. डोळे उघडे, चेहरा उतरलेला.

"चौगुले, माझ्या मनाला लागून राहिलंय हो. मघाशी चाकांना हळद-कुंकू लावायला आले होते. घरची शर्यत म्हणून. एका चाकाला हळद लावली, तोवर तो शिट्टीवाला अंगावर आला. कुंकू राहिलं, बाकीची तीन चाकं तशीच राहिली. त्याचं काही वाईट नाही ना होत?"

"काही होत नाही काकू," मी सहज म्हणालो, आणि मग थबकलो. "कुठल्या चाकाला लावलीत?"

"डाव्या. मागच्या. त्या मधल्या बोल्टवर लावली, तेवढीच स्वच्छ जागा दिसली."

मी खिसा चाचपला. पेन होतं. टोपण घट्ट बसलेलं. मी डोळे मिटून आठवायला लागलो. बसलो, पाना लावला का? लावला असेल. टक ऐकला का? तीन टक कानात होते, चौथ्याच्या जागी तो पंच आणि त्याचा कागद. मी नट आवळून उठलो होतो का आवळायच्या आधीच उठलो होतो, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं. पिवळं दिसलं आणि मी माझी रेघ समजलो. ती काकूंची हळद होती.

आता खरं सांगतो, जे मी चौदा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. एक पूर्ण फेरी मी गप्प उभा राहिलो. मनात म्हणत होतो, अरे एकोणीस वर्षांत राहिलं नाही, आजच कसं राहील? हात आपोआप करतो ते काम. गाडी सरळ चाललीय. पोरगी पहिली आहे. इटली. आणि मृण्मयी पुन्हा तळ्याच्या वळणावर आली, डावं मागचं चाक जाळीच्या बाजूला. जाळीमागं बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं होती. ते चाक निघालं असतं तर ती गेलीच असती, आणि चाक कुणाच्या अंगावर गेलं असतं ते देवालाच ठाऊक.

"आण्णा," मी म्हणालो, "डावं मागचं चाक आवळलं का नाही, मला आठवत नाही."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "रेघ हाय का न्हाई?"

"रेघ नाही. काकूंनी हळद लावली होती. मला रेघ वाटली."

तंबूतल्या पडद्यावर मृण्मयीची गाडी पिटची वाट मागं टाकून पुढं निघून गेली. मग त्यांनी कानावरचा रेडिओ काढला आणि माझ्या छातीवर ठेवला. "माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं ते. तुझं चाक हाय. तू सांग."

मी बटण दाबलं. "मृण्मयी, मी महिपती. आत ये. डावं मागचं चाक आवळल्याची मला खात्री नाही. माझी चूक आहे."

खरखर झाली. मग तिचा आवाज, धापा टाकत. "खात्री नाही, की ढिलं आहे?"

"खात्री नाही."

"गाडी सरळ चाललीय, मामा."

"असेल. पण मला खात्री नाही गं."

मग अख्खी फेरी रेडिओवर नुसती खरखर. विग्नेश चार सेकंद मागं तसाच. मला वाटलं नाही येणार ती. कोण येईल? मी तिच्या जागी असतो तर आलो असतो का? मग तळ्याचं वळण संपलं आणि पहिल्या नंबरची गाडी डावीकडं वळून पिटच्या वाटेला लागली. गच्च्यांवरून असा आवाज आला, जसं कुणाच्या घरात कुणीतरी गेल्याचं कळलं. मला आजही तो आवाज झोपेत ऐकू येतो.

गाडी माझ्यासमोर थांबली. मी गुडघ्यावर पडलो, पाना नटावर बसवला, जोर लावला.

टक.

लगेच. केसभरही न फिरता. चाक झालेलं होतं. मीच आवळलं होतं, आणि रेघ मारायच्या आधी उठून गेलो होतो.

मी वर बघितलं. आण्णा माझ्या डोक्याशी उभे होते, त्यांनीही तो टक ऐकला होता. दोघांच्या नजरा भिडल्या. मग ते गाडीच्या नाकावर थाप मारून ओरडले, "आवळलं! पळ!"

ती बाराव्या नंबरावर बाहेर पडली. पुढं तिनं जी गाडी चालवली तशी मी आयुष्यात बघितली नाही. जिथं एक रिक्षा धड जात नाही तिथून ती दुसऱ्या गाडीला कापून गेली. एकेकाला गाठत पाचवी आली. पण विग्नेश तिसरा होता. सीझन त्याचा झाला.

ती गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले. विग्नेशनं येऊन तिला मिठी मारली, बिचारा स्वतःच रडत होता. माइक घेतलेली माणसं धावत आली, काय झालं, काय झालं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णांनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला रगडून.

"चाक ढिलं हुतं," आण्णा माइकमध्ये म्हणाले. "अर्धा आटा. ह्या महिपतीनं वेळेवर सांगितलं म्हणून पोरगी हितं उभी हाय."

काकूंनी दोन्ही हातांनी माझे हात धरले. "तुम्ही माझी पोर वाचवलीत हो," म्हणाल्या, आणि भर मैदानात माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागं सरलो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मृण्मयी माझ्याकडं बघत होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती तंबूत गेली.

परत जाताना गाडीत मी आण्णांना म्हणालो, "खोटं का बोललात? चाक घट्ट होतं. माझ्यामुळं तिची इटली गेली. सांगून टाकू द्या मला."

"सांग की," आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग लोक इचारतील, मेस्त्री फसला कसा? मग हळद निघंल. त्या बाईला जन्मभर काय वाटंल? पोरीचं नशीब आपल्या हातानं पुसलं म्हणंल. तू बोलून मोकळा हुशील, महिपती. ती कशी हुईल?"

तेव्हा जो गप्प बसलो तो चौदा वर्षं. दुसऱ्या दिवशी पिवळं पेन फेकून दिलं आणि निळं आणलं. कुणी विचारलं तर सांगायचो, पिवळी रेघ उन्हात दिसत नाही. मृण्मयी आमच्याकडंच आणखी चार वर्षं खेळली. जिंकली, हरली, पण ती इटलीची संधी काही पुन्हा आली नाही. आता गावाबाहेर तिची कार्टिंगची शाळा आहे. दर दिवाळीला काकू माझ्याकडं फराळाचा डबा पाठवायच्या, आणि दर दिवाळीला तो चिवडा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. फुकटची पुण्याई खाल्ल्यासारखं व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात आण्णा गेले. त्यानंतर आलेल्या खंडेनवमीला मृण्मयीनं मला शाळेत बोलावलं. हत्यारांची पूजा होती, आणि तिनं मुलांसाठी एक जुनी रेसची गाडी घेतली होती, तिचीही पूजा. पाटावर पाने, पक्कड, जॅक मांडलेले, त्यात माझा जुना टॉर्क पाना. तो बघितला आणि मला राहवलं नाही. काकू आत ताट करत होत्या. म्हटलं, आता आण्णा नाहीत पायावर पाय द्यायला.

"मृण्मयी," मी म्हणालो, "त्या दिवशी चाक ढिलं नव्हतं."

ती पान्याला झेंडू बांधत होती. हात थांबला नाही. "माहितीय."

"काय माहितीय?"

"मामा, सात फेऱ्या मी त्या चाकावर जोर देऊन वळत होते. ढिलं चाक बुडाला कळतं. तुम्ही सांगितलंत तेव्हाच कळलं होतं मला की चाक ठीक आहे. अगदी शंभर टक्के नाही म्हणणार, पण पंचाण्णव."

मी टायरच्या चळतीवर बसलो. "मग कशाला आलीस आत? अगं, जिंकलेली शर्यत होती! मी एक फेरी गप्प उभा होतो, तुला ठाऊक आहे? कळल्यावरही गप्प होतो."

"मलाही एक फेरी लागली की," ती म्हणाली. मग गाठ मारून माझ्यासमोर येऊन बसली. "आधी चिडले. हेल्मेटमध्ये तुम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या सांगत नाही, सणाचा दिवस आहे. मग मनात आलं, हा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतोय, माझी चूक आहे. मी जर आत गेले नाही आणि चाक टिकलं, तर सगळे ह्याला हसतील. पुढच्या वेळी ह्याला काही दिसलं, तर हा दहा वेळा विचार करेल. खरं सांगा, बोलला असतात पुन्हा?"

"नाही," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी, दुसऱ्या शर्यतीत, गाडी उभी होती तिथं जमिनीवर एक थेंब कुणी बघितला होता? आणि आत ये म्हणून कोण ओरडलं होतं?"

मला आठवलं. ब्रेकचा पाइप. आत घेतली तेव्हा तो झिजून कागदासारखा पातळ झाला होता, आणखी एका दाबाला फाटला असता. पुढं भिंत होती.

"तेव्हा मी विचारलं का, खात्री आहे का म्हणून?" मृण्मयी म्हणाली. "सरळ आले."

माझे डोळे भरून आले, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसानं टायरांवर बसून रडू नये म्हणून मी उगाच नाक शिंकरत बसलो. तिनं रुमाल दिला. हळूच म्हणाली, "आईला मात्र सांगू नका. आण्णांनी मला पण तेवढंच बजावलं होतं."

तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. आता सत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या. आधी हत्यारांना हळद-कुंकू, फूल, मग गाडीकडं वळल्या. नाकावर स्वस्तिक काढलं. स्टिअरिंगला बोट लावलं. आणि थांबल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चौदा वर्षांत ह्या बाईला कुठल्याही गाडीच्या चाकाला हळद लावताना मी बघितलं नव्हतं. नाकाला लावायच्या, काचेला लावायच्या, चाकाजवळ कधी जायच्या नाहीत.

त्यांनी ताट माझ्यापुढं धरलं.

"चाकांना तुम्हीच लावा, चौगुले," म्हणाल्या. "कुठं लावायची ते तुम्हाला ठाऊक आहे."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या गणिताच्या बाई. एका चाकाची हळद, त्यावर माझा तो प्रश्न, आणि लगेच आत बोलावलेली गाडी. आपल्या हळदीनंच मी फसलो, हे गणित त्यांना त्याच दिवशी सुटलं असणार, आणि तरी चौदा वर्षं त्या मला फराळाचा डबा पाठवत राहिल्या. मृण्मयी मान खाली घालून झेंडूच्या पाकळ्या गोळा करत होती.

मी हळद घेतली आणि चारी टायरांना लावली, नटापासून चांगली वीतभर लांब.